सात महिन्यांचं राहिलेलं भांडण

आमच्या ह्यांना नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. सगळे त्यांना ‘तीनवार’ म्हणतात. दूधवाला म्हणतो, पोस्टमन म्हणतो, आणि एका लग्नाच्या आमंत्रणावर तर ‘श्री. व सौ. तीनवार’ असंच लिहून आलं होतं. मी ते पाकीट परत पाठवणार होते, ह्यांनीच अडवलं.

काम लिलावाचं. कापडाच्या गोदामामागे एक लांबट हॉल आहे, तिथे आठवड्यातून तीन दिवस जुन्या सामानाचा लिलाव होतो. कुणी घर बदललेलं असतं, कुणाचं दुकान उठलेलं असतं, त्यांचं सगळं सामान तिथे येऊन पडतं. हे तीन पायऱ्या चढून लाकडी चौथऱ्यावर उभे राहतात, समोर माइक, उजव्या हातात हातोडी, आणि एकदा तोंड उघडलं की बोलत नाहीत, गातात. “आलं आलं, दोन दारांचं आलं, आरशाचं आलं, आतून कोरं, बाहेरून खरचटलं, कोण बोलतंय, कोण बोलतंय,” असं सगळं एका दमात, झोक्यावर बसल्यासारखं. मग एकवार, दोनवार, तीनवार, आणि हातोडीचा ठोका. सव्वीस वर्षं हेच चाललंय.

ज्या वस्तूला बोली लागत नाही तिची ह्यांना दया येते. ती ते घरी आणतात. त्यामुळे आमच्या घरातली एकही खुर्ची दुसरीची सख्खी बहीण नाही, सगळ्या सावत्र. भिंतीवरचं घड्याळ पाच वाजता सहा ठोके देतं. पाहुणे आले की कुठे बसा यापेक्षा कुठे बसू नका, हे मी आधी सांगते.

माझी आणि ह्यांची गाठही त्या हॉलमध्येच पडली, पण मी विक्रीला नव्हते. काकांनी मला न विचारता माझ्या आईचं कपाट लिलावाला दिलं होतं. ते सोडवायला मी धावतपळत गेले, आणि मी हात वर करते न करते तोच ह्यांनी तीनवार म्हणून हातोडी आपटली. कपाट गेलं ते गेलंच. मी चौथऱ्यासमोर उभी राहून अर्धा तास ह्यांचा उद्धार केला. हे खाली मान घालून ऐकत होते. सगळं संपल्यावर म्हणाले, घाई झाली, चूक माझी. तिसऱ्या दिवशी घरी येऊन पुन्हा माफी मागितली. चौथ्यांदा आले तेव्हा माफीचं काहीच उरलं नव्हतं, म्हणून लग्नाचं विचारलं.

त्या दिवसापासून हे दोनवार म्हटल्यावर थांबतात. हॉलभर एकदा नजर फिरवतात, कुणाचा हात अर्धवट वर आहे का बघतात, मगच तीनवार. घरीही तोच कायदा. आमच्यात भांडण झालं की त्याचा लिलाव होतो. मी एक बोलते, हे त्यावर चढं बोलतात, मी त्याहून चढं. ज्याच्या बोलण्यावर समोरच्याला उत्तर सुचत नाही, त्याची बोली शेवटची. हे टेबलावर चमचा ठोकतात आणि तीनवार म्हणतात. एकदा ठोका पडला की ते भांडण पुन्हा उकरायचं नाही. पण माझ्यासाठी हे दोनवारनंतर जरा जास्तच थांबायचे. त्या थांबण्यात मी किती भांडणं जिंकली, विचारू नका.

आणि अशा माणसाचा गेल्या वर्षी आवाज अडकायला लागला.

सुरुवातीला मला सर्दी वाटली. चहा घेताना “आज जरा” म्हणायचे आणि मध्येच शब्द चिमटीत धरल्यासारखा बंद. पुन्हा सुटायचा, पुन्हा अडकायचा. महिन्याभरात फोनवर बोलणं बंद झालं. दुकानात काय हवं ते बोटानं दाखवायला लागले. मानेच्या शिरा ताठ, चेहरा लाल, आणि बाहेर येणार काय तर अर्धा शब्द.

पण चौथऱ्यावर मात्र आवाज खणखणीत. मला कुणी सांगितलं असतं तर विश्वास ठेवला नसता, म्हणून मी स्वतः जाऊन कपाटांच्या रांगेमागे उभी राहिले. हातोडी हातात आली आणि ह्यांनी एकामागून एक त्रेचाळीस वस्तू गाऊन काढल्या. एकदाही अडखळले नाहीत. घरी आले, मी विचारलं कसा झाला लिलाव, तर “बरा” हा शब्द ह्यांना तीन तुकड्यांत काढावा लागला.

घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून आत पाहिलं. गाठ नाही, सूज नाही, काही नाही. बोलताना आतले आवाजाचे पडदे एकमेकांवर फार घट्ट दाबले जातात, म्हणाले, स्नायू ताणलेत, ताणाचा आवाज आहे. कामावर त्रास होतो का? हे म्हणाले, नाही. मग घरी? ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग पलीकडे कापूस मोजत बसलेल्या नर्सनंही मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आता सांगा, यात वेगळं निदान कशाला हवं होतं? डॉक्टरांनी गळ्याचे व्यायाम लिहून दिले आणि दारापर्यंत सोडताना मला हळूच म्हणाले की घरात जरा शांतता ठेवा.

माझ्या नणंदेला तर आनंद गगनात मावेना. दर रविवारी तिचा फोन येतो. वहिनी, मी लग्नाच्या वर्षापासून सांगतेय, म्हणाली, तुमच्या जिभेला हाड नाही, दादा बिचारा गरीब गाय. ही गरीब गाय माझ्या आईचं कपाट विकून बसली होती, हे मी सांगणार होते. पण गिळलं. त्या दिवसापासून मी सगळंच गिळायला लागले.

सात महिने. सात महिने मी नवऱ्याशी भांडले नाही. ज्यांना यात काही विशेष वाटत नाही, त्यांनी माझा नवरा सात दिवस घरी नेऊन बघावा. एकुलत्या एका धड खुर्चीवर ओला टॉवेल टाकला, मी म्हटलं बरं. कपाटाच्या किल्ल्या हरवल्या, बरं. आणि एक दिवस दातांच्या डॉक्टरची मोडकी खुर्ची घेऊन आले, ती लोखंडी, मागे कलणारी, थुंकायच्या भांड्यासकट. चार माणसांनी ती उचलून आमच्या बसायच्या खोलीत मधोमध ठेवली. त्या भांड्याकडे बघत मी म्हटलं, बरं.

हे इमानेइतबारे व्यायाम करायचे. वाफ घ्यायचे, ओठ मिटून गुणगुणायचे, जांभई देत उसासा सोडायचे, मान चोळायचे. फरक शून्य. उलट हळूहळू बोलायचंच सोडलं. चहाचा कप घेऊन गॅलरीत जाऊन बसायचे. काही हवं असलं तर चिठ्ठी. घर इतकं गप्प झालं की घड्याळाचा सहावा ठोका मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. भांडी घासताना मला रडू यायचं. सव्वीस वर्षं बोलून बोलून मी या माणसाचा गळा दाबला की काय, हे एकच डोक्यात. आणि ते विचारायचं तरी कुणाला, ज्याला विचारायचं त्याचाच आवाज गेलेला.

आठव्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, आमच्याकडे आवाज तपासणाऱ्या नव्या बाई आल्यात, त्यांच्या मशीनवर एकदा बघू.

बाईंची खोली आमच्या न्हाणीघराएवढी. भिंतींना करडा स्पंज, एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक खुर्ची, दोन स्टुलं आणि दांडीवर लटकलेला माइक. बाई ठेंगण्या, चष्मा डोक्यावर, गालात खोकल्याची गोळी. बोलणं इतकं हळू की आपणही आपोआप हळू बोलायला लागतो. मला कोपऱ्यात बसू दिलं, पण अट घातली की तोंडातून अवाक्षर निघता कामा नये. मी म्हटलं, त्याची सवय आहे.

त्यांनी ह्यांच्या हातात एक कागद दिला. त्यावर दोनच वाक्यं. पहिलं, ‘माझी आजी आणि मामी गावाला जाणार.’ दुसरं, ‘काकूच्या कपाटातच सात कप फुटतात.’ नेहमी बोलता तसं वाचा, म्हणाल्या.

ह्यांनी माइक पाहिला. आणि काय सांगू, स्टुलावरून उठून उभे राहिले. छाती पुढे, उजवा हात अर्धा वर, हातोडी नाही एवढंच. “माझी आजी आणि मामी, गावाला जाणाऽऽर,” असं काही लावलं की आजी आणि मामी दोघी तिथल्या तिथे खपल्या असत्या. काकूचे सात कपही तसेच, चढ्या सुरात, शेवटाला झोका देऊन. सव्वीस वर्षांत माइकसमोर दुसरं काही केलेलंच नाही, त्याला ते तरी काय करणार.

बाईंनी पडद्यावरची पट्टी पुढेमागे करून पाहिली. मला तर हा आवाज चांगला दिसतोय, म्हणाल्या, कुठे तुटत नाही, कापत नाही. आणि कागदावर काहीतरी लिहायला घेतलं.

आवाज चांगला आहे, म्हणजे घशात काहीच नाही. म्हणजे ह्यांना बोलता येतं, फक्त माझ्याशी बोलवत नाही. सात महिने मला जे वाटत होतं त्याहून हे वाईट होतं. मग तो कागद पुरा होतोय असं दिसलं, आणि सात महिन्यांचा बांध फुटला.

“अहो, बाईंनी वाक्य वाचायला सांगितलंय, विकायला नाही!”

बाईंचा पेन थांबला. चष्मा डोक्यावरून नाकावर आला. घरी असं बोलत नाहीत का, त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, घरी असं बोलत असते तर मी इथे कशाला तडफडले असते? हे लिलाव करतात बाई, हा त्यांचा कामावरचा आवाज आहे, घरी यातलं काही येत नाही. बाईंनी लिहिलेला कागद फाडला. मग ह्यांना खाली बसवलं, दोन्ही हात मांडीवर ठेवायला लावले, आणि माइककडे न बघता सकाळपासून काय काय केलं ते सांगा म्हणाल्या. ह्यांनी “सकाळी” म्हणायला सुरुवात केली आणि ‘ळी’वर येऊन अडकले. बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

मग तीच दोन वाक्यं पुन्हा वाचून घेतली, साध्या आवाजात, तीन तीन वेळा. आणि गंमत बघा. आजी आणि मामी गावाला जाताना पाच ठिकाणी थांबल्या. काकूचे कप मात्र जवळजवळ सुरळीत फुटले. पुन्हा आजी, पुन्हा पाच ठेचा. पुन्हा कप, एखादी. कुजबुजून वाचायला लावलं तर दोन्ही वाक्यं ठीक. बाईंच्या तोंडातली गोळी कधीच संपली होती, त्यांना दुसरी घ्यायचं भान नव्हतं.

वाचणं वेगळं, बोलणं वेगळं, म्हणाल्या, मला खरं बोलणं हवं. घरी तुम्ही दोघं कशावर बोलता? मी सांगितलं, आता नाही बोलत. आधी? आधी भांडायचो. मग भांडा की, म्हणाल्या. मी दाराकडे पाहिलं. डॉक्टरांची बंदी आहे, म्हटलं. ते माझ्याकडे लागलं, तुम्ही भांडा, असं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

सरकारी परवाना मिळाल्यावर मी काय सोडते. दातांच्या खुर्चीपासून सुरुवात केली. ती बसायच्या खोलीत मधोमध कशाला? त्यात पाहुण्यांनी बसायचं की तोंड उघडून पडायचं? तिथून ओल्या टॉवेलवर आले, टॉवेलवरून किल्ल्यांवर, किल्ल्यांवरून नणंदेवर. मला स्वतःलाच इतकं बरं वाटत होतं की ह्यांनी हात वर केलेला मला उशिरा दिसला. हे बोलायचा प्रयत्न करत होते. शिरा ताठ झाल्या होत्या.

“सात महि... ने तू भां... डली नाहीस,” हे म्हणाले. दम घेतला. “मला वा... टलं, माझा हा आ... वाज तुला ऐ... कवत नाही.”

माझं सगळं भांडण घशातच राहिलं. हा माणूस कप घेऊन गॅलरीत जायचा तो माझ्यापासून आवाज लपवायला, आणि मी बरं बरं करत होते ती ह्यांचा आवाज वाचवायला. अहो, मी तुमच्या घशासाठी गप्प होते, एवढंच मला म्हणता आलं, आणि मी त्या स्पंजच्या खोलीत मोकळेपणानं रडले. बाईंनी मला खोकल्याची एक गोळी दिली. रेकॉर्डिंग बंद करायचं त्या विसरल्या होत्या, त्यामुळे माझं नाक शिंकरणंही त्या मशीनमध्ये आहे.

नंतर त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. ह्यांच्या आवाजाची काळी पट्टी, आणि तिच्यात मध्ये मध्ये कोऱ्या फटी. कुठे फट आली, कुठला शब्द होता, बाई बोट ठेवून दाखवत होत्या. शेजारी माझी पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, एकही खाच नाही. तुमचा आवाज उत्तम आहे, म्हणाल्या. मी म्हटलं, ते आमची सगळी गल्ली सांगेल.

मग मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं. हे माझ्यामुळे झालं का?

“नाही,” बाई म्हणाल्या. “ताणानं आवळलेला आवाज असता, तर दोन्ही वाक्यं सारखीच बिघडली असती. यांचं एकच बिघडतंय.”

त्यांनी समजावलं ते मला कळलं तेवढं सांगते. दोन आजार आहेत, कॅमेऱ्यातून जुळ्या भावांसारखे दिसतात, कानालाही फसवतात. एकात गळ्याचे स्नायू सवयीनं आवळलेले असतात. तो आवाज व्यायामानं सैलावतो, आणि काहीही बोला, सगळीकडे सारखाच घोगरा असतो. दुसऱ्यात मेंदूकडून चुकीचा हुकूम जातो आणि पडदे मध्येच झटका देऊन मिटतात. आजी-मामीच्या वाक्यात आवाज न थांबता वाहत राहावा लागतो, तिथे ते झटके पकडले जातात. काकूच्या कपांत ‘क’, ‘प’, ‘त’ आले की आवाज आपणहून क्षणभर थांबतो, पडद्यांना उसंत मिळते. आणि गाताना, हेल काढून ओरडताना असे झटके पुष्कळदा येतच नाहीत. ते नेमकं का, हे अजून कुणालाच पुरतं ठाऊक नाही, म्हणाल्या. म्हणजे लिलावात आवाज चालायचा तो हॉलमध्ये मी नव्हते म्हणून नव्हे. घरात ह्यांनी खुर्चीचा लिलाव मांडला असता, तर माझ्यासमोरही गायले असते.

मी बाईंना ते ‘नाही’ पुन्हा एकदा म्हणायला लावलं आणि लिहून मागितलं. त्या म्हणाल्या, ताणानं त्रास वाढू शकतो, पण ताणामुळे हा आजार होत नाही. मी म्हटलं, पहिलं अर्धं राहू द्या, दुसरं लिहा. तो कागद आता घड्याळाखाली चिकटवलेला आहे. रविवारी मी तो नणंदेला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, नीट ऐकू आलं नाही. मी तीन वेळा वाचला.

डॉक्टरांनी रेकॉर्डिंग ऐकलं, पुन्हा कॅमेरा घालून ह्यांना साधं बोलायला लावलं, आणि बाईंचं म्हणणं मान्य केलं. माझ्याकडे बघून घसा खाकरला, तेवढ्यावर मी त्यांना माफ केलं. मग गळ्यात बाहेरून एक सुई, त्या झटके देणाऱ्या स्नायूला सुस्त करणारी. बाईंनी सांगून ठेवलं होतं की हे बरं होणं नाही, तीन-चार महिन्यांनी असर उतरेल, पुन्हा सुई घ्यावी लागेल. तेव्हा आता मोठी भांडणं मी त्या मधल्या दिवसांसाठी राखून ठेवणार आहे.

पहिले पंधरा दिवस आवाज नुसती हवा. पाणी पिताना ठसका. तेवढे दिवस मी दोघांच्या वतीनं भांडले. ह्यांची बाजूही मीच मांडायचे, आणि खरं सांगते, बऱ्यापैकी न्यायानं मांडायचे. हे मान डोलवायचे आणि हसायचे.

सोळाव्या का सतराव्या दिवशी हे दुपारी घरी आले ते काखेत एक स्टूल घेऊन. तीन पायांचं. मुळात चार पायांचं, पण आता तीन. मी चहा गाळत होते. ते बघून माझं डोकं फिरलं. या घरात बसायला एक धड जागा नाही आणि तुम्ही हे लंगडं घेऊन आलात, वगैरे सगळं बोलले.

हे टेबलाशी बसले आणि म्हणाले, “बसायला जागा नाही म्हणतेस, आणि बसायला आणलं की भांडतेस.”

एका दमात. साध्या, बसक्या, घरच्या आवाजात. एकही फट नाही. पावणेदोन वर्षं झाली असावीत तो आवाज ऐकून, असं मला वाटलं. खरं तर वर्षही नव्हतं झालं. मी गाळणी ओट्यावर ठेवली.

ह्यांनी चमचा उचलला. एकवार, म्हणाले. मग दोनवार. आणि थांबले.

उत्तर माझ्याकडे होतं, चांगलं ठसकेबाज होतं. पण मला तो आवाज कानात अजून थोडा राहू द्यायचा होता, म्हणून मी गप्प राहिले. हे चमचा हातात धरून माझ्याकडे बघत होते. बघता बघता चेहऱ्यावरचं हसू गेलं. गॅलरीत कप घेऊन जायचे तेव्हाचा चेहरा झाला. ठोका काही पडला नाही. ह्यांनी चमचा आवाज न करता टेबलावर ठेवला.

“बोल ना,” म्हणाले. “मी थांबलोय.”

मग मी बोलले. चहा दोनदा गरम करावा लागला.